भावी शिक्षकांना समावेशक वर्गासाठी कसे तयार करावे

डी.एल.एड. किंवा बी.एड. पूर्ण करून शिक्षणसेवक म्हणून रुजू होणाऱ्या तरुणाला पहिला वर्ग मिळतो तो बहुधा जिल्हा परिषदेच्या एखाद्या लहान शाळेत, जिथे दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळत असतात. त्या वर्गात एखादे मूल कानाला श्रवणयंत्र लावून बसलेले असते, एखाद्याला तिसरीत येऊनही अक्षरे जोडून वाचता येत नाहीत, दोघे-तिघे दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात ते थेट मार्च-एप्रिलमध्येच परततात, आणि शाळा मेळघाटातली असेल तर घरी कोरकू बोलणारी मुले पुस्तकातली मराठी शाळेत आल्यावरच प्रथम ऐकत असतात. विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रात असतो आणि त्याच्याकडे अनेक शाळा असतात. तो येऊन जातो. उरलेल्या सगळ्या दिवशी ही मुले त्या नव्या शिक्षकाचीच असतात. त्याला या कामासाठी तयार कसे करावे, हे अध्यापक विद्यालयांतील व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील अध्यापकाचार्यांसाठी येथे मांडले आहे.

कायद्याची माहिती छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना, हवीच, पण तिला एक-दोन तासिका पुरतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली टिकून राहणारी अडचण) व स्वमग्नता (ऑटिझम) यांचा त्यांत समावेश केला. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मधील निकालात प्राथमिक स्तरावर 10 व त्यापुढच्या स्तरावर 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. हे प्रमाण सर्वत्र प्रत्यक्षात येईपर्यंत, आणि आल्यानंतरही, वर्गशिक्षकाची जबाबदारी कमी होत नाही, एवढे छात्राध्यापकाच्या मनावर ठसले की पुढच्या कामाकडे वळावे.

अडचण अशी आहे की समावेशित शिक्षण हा अभ्यासक्रमात एक स्वतंत्र विषय आहे आणि तो बहुतेक ठिकाणी विषय म्हणूनच संपतो. छात्राध्यापक व्याख्या पाठ करतो, 21 प्रकारांची यादी लिहितो, उत्तीर्ण होतो, आणि त्याच आठवड्यात सराव पाठ घेताना फळ्याकडे तोंड करून बोलतो. याचा दोष त्याला देता येत नाही. पाठाचे निरीक्षण करणाऱ्या तक्त्यात ज्या बाबींना गुण आहेत त्याच तो करतो; प्रस्तावना आकर्षक आहे का, शैक्षणिक साहित्य वापरले का, फलकलेखन नीटनेटके आहे का, असे त्या तक्त्यात विचारलेले असते. कोणते मूल या पाठातून बाहेर राहिले, हे तेथे कोणी विचारलेलेच नसते. म्हणून बदलाची सुरुवात पाठ टाचण (पाठाचे लेखी नियोजन) आणि निरीक्षण तक्ता या दोन कागदांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीवरचे तक्ते आणि 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाची भाषणे नंतर आली तरी चालतील.

टाचणात आणि निरीक्षण तक्त्यात काय बदलावे

टाचणाच्या पहिल्याच पानावर, उद्दिष्टांच्याही आधी, छात्राध्यापकाने त्या वर्गातील तीन मुलांविषयी प्रत्येकी दोन ओळी लिहाव्यात. ही तीन मुले म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र असलेलीच मुले असे नाही. गावात नुकतेच आलेले, सतत गैरहजर राहणारे, प्रश्न विचारला की खाली मान घालणारे, किंवा सर्वांच्या आधी काम संपवून इतरांना त्रास देणारे मूलही त्यांत असू शकते. प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिहायची : आजच्या पाठात हे मूल कोठे अडेल आणि तेथे मी काय करीन. ‘वैयक्तिक लक्ष देईन’ हे उत्तर स्वीकारू नये. ते कोणत्याही पाठाला, कोणत्याही मुलाला लागू पडते आणि त्यातून काहीच घडत नाही. ‘उताऱ्याच्या तीन ओळी मोठ्या अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून देईन’ हे उत्तर झाले.

निरीक्षण तक्त्यात त्यासाठी गुण ठेवावेत आणि ते नाममात्र ठेवू नयेत. पाठ संपल्यावर अध्यापकाचार्यांनी त्या तीन मुलांच्या वह्या पाहाव्यात, त्यांच्याशी दोन मिनिटे बोलावे आणि मगच गुण द्यावेत. यामुळे निरीक्षकाची बसण्याची जागाही बदलते. वर्गाच्या मागे खुर्ची टाकून छात्राध्यापकाकडे पाहत बसण्याऐवजी बाजूला, मुलांचे चेहरे दिसतील असे बसावे लागते.

निवड करताना एक सावधगिरी बाळगावी. तीन मुलांची नावे टाचणात आली की टाचणाची वही कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो; म्हणून खरी नावे न लिहिता खुणेची अक्षरे वापरण्याची सवय पहिल्या पाठापासून लावावी.

आधी पाहणे, मग नाव देणे

बी.एड.च्या 2014 मधील निकषांनुसार दोन वर्षांत एकूण 20 आठवड्यांचा शालेय अनुभव अपेक्षित आहे. पहिल्या वर्षी 4 आणि दुसऱ्या वर्षी 16. पहिल्या वर्षाच्या त्या चार आठवड्यांत छात्राध्यापकाला पाठ घेण्याची घाई करायला लावू नये. त्याच्याकडे एकच मूल सोपवावे आणि रोज वीस मिनिटे त्याचे निरीक्षण करून जे दिसले तेवढेच लिहायला सांगावे.

हे काम वाटते तेवढे सोपे नाही. सुरुवातीच्या नोंदी बहुधा अशा असतात : ‘मुलगा आळशी आहे, अभ्यासात लक्ष नाही, घरचे वातावरण बरे नसावे.’ यांतले एकही वाक्य निरीक्षण नाही. अध्यापकाचार्यांनी अशा नोंदी परत कराव्यात आणि प्रत्येक वाक्याला ‘हे कशावरून?’ असे विचारावे. तीच नोंद काही दिवसांनी अशी होते : ‘फळ्यावरचे पाच शब्द उतरवताना मान अकरा वेळा वर केली. शेजारच्या मुलीच्या वहीत पाहून दोन शब्द लिहिले. तोंडी विचारल्यावर पाचही शब्दांचे अर्थ बरोबर सांगितले.’ या तीन वाक्यांत आळशीपणा नाहीसा झाला आणि पुढे काय तपासायचे ते दिसू लागले. कदाचित मुलाला फळा नीट दिसत नसेल, कदाचित पाहिलेला शब्द लिहीपर्यंत लक्षात राहत नसेल. पहिली शक्यता डोळ्यांच्या तपासणीने निकालात काढता येते, म्हणून ती आधी तपासावी.

येथे ‘प्रशस्त’ या तपासणी सूचीचा परिचय करून द्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 2022 मध्ये उपलब्ध करून दिलेली ही सूची मोबाइल अ‍ॅपवरही आहे. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो. ती प्राथमिक चाळणी आहे, निदान नव्हे, हे छात्राध्यापकांकडून पुन्हा पुन्हा वदवून घ्यावे लागते, कारण सूची भरून झाली की ‘या मुलाला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अध्ययन अक्षमता) आहे’ असे परस्पर जाहीर करून टाकण्याचा मोह अनेकांना होतो.

बोलीची चूक आणि लिपीतली अडचण

वैविध्य आणि विशेष गरजा हे दोन विषय प्रशिक्षणात वेगवेगळ्या घटकांत शिकवले जातात. मुलाच्या वहीत मात्र ते एकत्र येतात आणि नवशिक्या शिक्षकाची सर्वांत मोठी फसगत तेथेच होते. यासाठी एक स्वाध्याय द्यावा. छात्राध्यापकाने दुसरी ते चौथीतील पाच मुलांच्या श्रुतलेखनाच्या वह्या मुख्याध्यापकांच्या परवानगीने घ्याव्यात आणि त्यांतील प्रत्येक चूक तीन रकान्यांत वाटावी.

पहिल्या रकान्यात घरच्या बोलीतून आलेली रूपे. मुलाने ‘पानी’, ‘आनी’, ‘व्हता’ असे लिहिले असेल, किंवा विदर्भ-खानदेशातील मुलाने ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’ लिहिले असेल, तर त्याने जे ऐकले व बोलले तेच अचूक लिहिले आहे. त्याचा कान आणि त्याचे लेखन दोन्ही शाबूत आहेत; त्याला प्रमाण रूपाची ओळख हवी आहे, उपचार नको आहेत. दुसऱ्या रकान्यात लिपीशी संबंधित चुका : घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल, वेलांटी भलत्याच अक्षराला जाणे, मात्रा गळणे, जोडाक्षरातले अर्धे अक्षर नाहीसे होणे, रफार नको त्या अक्षरावर चढणे. तिसऱ्या रकान्यात अंदाजाने वाचल्या-लिहिल्याच्या खुणा, म्हणजे पहिले अक्षर पाहून ‘कमळ’चे ‘कपाळ’ करणे, किंवा चित्र पाहून वाक्य रचणे.

दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यातील चुका लेखन शिकण्याच्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्याच मुलांकडून होतात. भरपूर सराव मिळूनही त्या वर्षानुवर्षे टिकून राहिल्या, तोंडी आकलन चांगले असतानाही टिकून राहिल्या, आणि डोळे, कान व हजेरी यांपैकी कशानेही त्यांचा उलगडा होत नसेल, तरच अध्ययन अक्षमतेची शंका घ्यावी. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनमान्य रुग्णालयाचा. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे या क्षेत्रातील काम पालकांनाही ठाऊक आहे. शाळेचे काम नोंदी जपून ठेवण्याचे आणि त्या पालकांबरोबर पाठवण्याचे.

अशीच फसगत गणितात होते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, म्हणून कित्येक मुले 25 ऐवजी 52 लिहितात; ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात 29. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ अशी जोडवाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर चेष्टा झाली, पण तिच्यामागचे हे कारण छात्राध्यापकांना समजावून सांगण्यासारखे आहे. त्या रीतीचा पुरस्कार करा अथवा करू नका. अंकांची अदलाबदल दिसली की लगेच गणनदोष (गणितातील अध्ययन अक्षमता) समजू नये, एवढे तरी त्यातून शिकता येते.

एक पाठ जवळून

तात्त्विक चर्चेपेक्षा एकच पाठ सर्वांनी मिळून उलगडून पाहिला तर अधिक उमगते. हातच्याची वजाबाकी घ्यावी, उदाहरण 42 वजा 17. नेहमीच्या पाठात शिक्षक फळ्यावर उभी मांडणी करतो आणि बोलत बोलत सोडवतो : ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या चाराकडून एक घेऊ, त्याचे झाले तीन, याचे झाले बारा.’ आता वर्गातल्या मुलांच्या बाजूने हा पाठ पाहावा. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीला शिक्षकाची पाठ दिसते. ओठ दिसत नाहीत आणि पंख्याच्या घरघरीत आवाज बुडतो. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला फळ्यावरचे लहान अंक दिसत नाहीत आणि शिक्षक ‘याचे’, ‘त्याचे’ म्हणतो तेव्हा कशाचे ते कळत नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ‘एक घेऊ’ म्हटल्यावर दोनाचे तीन व्हायला हवेत, बारा कसे होतात, हा पूर्णपणे रास्त प्रश्न पडतो, आणि खरे तर तो प्रश्न वर्गातल्या निम्म्या मुलांना पडलेला असतो. कोरकू बोलणाऱ्या मुलीला ‘हातचा’ हा शब्दच नवा असतो.

हाच पाठ असा घेता येतो. प्रत्येक चार मुलांच्या गटाला काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे, रबर लावलेले, आणि दोन सुट्या काड्या द्याव्यात. शिक्षकाने वर्गाकडे तोंड करून सांगावे : ‘आपल्याकडे बेचाळीस काड्या आहेत, चार दशक, दोन सुट्या. यातून सतरा काड्या मला द्या.’ गट अडतो, कारण सात सुट्या काड्या देता येत नाहीत. कोणीतरी रबर सोडतेच. त्या क्षणी थांबून, एक गठ्ठा सुटला म्हणजे दहा काड्या मोकळ्या झाल्या आणि आता सुट्या बारा आहेत, हे सर्व गटांनी हाताने मोजून पाहावे. अल्पदृष्टी किंवा पूर्ण अंध मूलही येथे बरोबरीने काम करते, कारण गठ्ठा आणि सुटी काडी यांतला फरक बोटांना कळतो. लिहून ठेवण्यासाठी त्याच्यापुढे टेलर फ्रेम, म्हणजे खाचांत खुंट्या बसवून अंक मांडण्याची अंध मुलांसाठीची पाटी, असावी. गठ्ठा सोडून मोजण्याचे काम बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाकडे द्यावे. त्याचे त्या दिवसाचे उद्दिष्ट 12 मधून 7 काड्या काढून उरलेल्या सांगणे एवढेच असेल, तरी तो त्याच साहित्यावर, त्याच गटात, गटाला आवश्यक असे काम करतो. कोपऱ्यात बसवून रंगवायला चित्र दिल्याने हे साधत नाही. ‘सोडणे’, ‘मोजणे’, ‘उरले’ या शब्दांना घरी काय म्हणतात ते कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांनाच विचारावे आणि फळ्यावर देवनागरीत लिहून ठेवावे. शिक्षकाला ती भाषा येत नसली तरी हे करता येते. उभी मांडणी सर्वांत शेवटी करावी, मोठ्या अंकांत, प्रत्येक अंक उच्चारत; आणि बोलून झाल्यावर लिहावे, लिहून झाल्यावर बोलावे. लाल खडू टाळावा. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला गडद फळ्यावरचा लाल रंग नीट दिसत नाही.

छात्राध्यापक हमखास विचारतात की एवढे करायला वेळ कोठून आणायचा. पाठ एकदा करून पाहिला की उत्तर मिळते : काड्यांमध्ये जाणारा वेळ पुढच्या आठवड्यात ‘पुन्हा पहिल्यापासून’ शिकवण्यात वाचतो. तरीही शंका घेणाऱ्यांनी दोन तुकड्यांत दोन पद्धतींनी पाठ घेऊन वह्या तपासाव्यात.

हाताने शिकण्याच्या गोष्टी

काही कौशल्ये व्याख्यानातून येत नाहीत आणि त्यांना फार वेळही लागत नाही. श्रवणयंत्र चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी ते बंद मुठीत धरावे. चालू असेल तर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, न आल्यास बॅटरी पाहावी. कित्येक मुले बंद पडलेले यंत्र महिनोन्‌महिने कानाला लावून शाळेत येतात, कारण ते तपासायचे असते हे वर्गात कोणालाच माहीत नसते. अशा मुलाला पहिल्या बाकावरच बसवावे असा समज आहे. तेथून शिक्षक दिसतो, पण बोलणारी इतर मुले पाठीमागे राहतात. दुसऱ्या रांगेत कडेला, बऱ्या कानाची बाजू वर्गाकडे येईल असे बसवणे अधिक सोयीचे ठरते. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये, कारण उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो आणि ओठ वाचता येत नाहीत.

ब्रेल पाटीवर प्रत्येक छात्राध्यापकाने स्वतःचे नाव तरी लिहावे. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे हाताने केल्याशिवाय पचनी पडत नाही. शिवाय अंध मुलाला मजकूर लिहायला किती वेळ लागतो याचा अंदाज येतो. भारतीय सांकेतिक भाषेचा 10,000 शब्दांचा चित्रफीत-कोश दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने खुला ठेवलेला आहे. त्यातून वर्गात रोज लागणाऱ्या चाळीस-पन्नास खुणा निवडून परिपाठाच्या वेळी सराव करावा. स्वमग्न मुलासाठी दिवसाचे वेळापत्रक चित्रांत मांडणे आणि घंटा वाजण्यापूर्वी त्याला सांगून ठेवणे, मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या पेन्सिलीला जाड कापड गुंडाळणे आणि त्याचे पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवणे, चाकाच्या खुर्चीला मुलाला विचारल्याशिवाय हात न लावणे, या लहान गोष्टी आहेत, पण त्यांचाही सराव लागतो.

आकडी आल्यावर काय करावे याची तर रंगीत तालीमच घ्यावी, कारण या एका प्रसंगात सुशिक्षित माणसेही कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावतात. मुलाच्या आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली दप्तर किंवा घडी घातलेले कापड ठेवावे, त्याला कुशीवर वळवावे, हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात चमचा, बोट वा पाणी काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, किंवा शुद्ध येण्यापूर्वी पुन्हा सुरू झाले, तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. एका छात्राध्यापकाने इतर मुलांना शांतपणे बाहेर नेण्याचे काम करावे. नंतर त्यांच्याशी काय बोलायचे हेही तालमीत ठरवून ठेवावे.

याउलट डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावणे किंवा कानात बोळे घालून तासिका ऐकायला लावणे हे लोकप्रिय उपक्रम मी टाळावेत असे म्हणेन. त्यांतून छात्राध्यापकाला भीती आणि कणव तेवढी वाटते; अनेक वर्षे तसे जगणारा माणूस कोणती कौशल्ये कमावतो ते दिसत नाही. त्यापेक्षा परिसरात अंध शिक्षक, कर्णबधिर कारागीर किंवा कचेरीत काम करणारी दिव्यांग व्यक्ती असेल तर तिला रीतसर मानधन देऊन बोलवावे आणि शाळेत कोणत्या गोष्टीने मदत झाली व कोणत्या गोष्टीने अडले, हे तिच्याकडून ऐकावे. विशेष शाळेची भेटही ‘पाहून आलो’ या स्वरूपाची नसावी. दादरची कमला मेहता अंध मुलींची शाळा किंवा बौद्धिक दिव्यांग मुलांसाठीची पुण्याची ‘कामायनी’ यांसारख्या संस्था अनेक दशके काम करीत आहेत. तेथे किंवा जिल्ह्यातल्या जवळच्या विशेष शाळेत जाताना प्रत्येकाने एक प्रश्न घेऊन जावे, जसे की अंध मुलीला भूमितीतला कोन कसा शिकवतात, आणि उत्तर म्हणून स्वतः बनवलेले एक साहित्य घेऊन परत यावे.

जाणारी-येणारी मुले

ऊसतोडीच्या हंगामात स्थलांतर होणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यांत छात्राध्यापकाने दोन आठवड्यांचे नियोजन लिहून दाखवावे : मूल जाण्यापूर्वीचा आठवडा आणि परत आल्यानंतरचा आठवडा. गावातच हंगामी वसतिगृहाची सोय होऊन मूल मागे राहू शकते का, याची चौकशी मुख्याध्यापकांमार्फत आधी करावी. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक भरून पालकांच्या हाती द्यावे, म्हणजे जेथे तळ पडेल तेथील शाळेत प्रवेश मागता येतो. परतल्यावर त्याला मागे टाकून वर्ग किती पुढे गेला याची उजळणी पहिल्याच दिवशी काढू नये. तळावर वजन, अंतर, मजुरी आणि उचल यांचे हिशेब त्याच्या कानावर पडत असतात; गणिताचा पहिला तास तेथून सुरू करता येतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे बोर्डी व कोसबाडचे काम बालशिक्षणाच्या इतिहासात शिकवले जाते ते बहुधा अंगणवाडीपुरते. त्यांची कुरणशाळा या संदर्भात अधिक उपयोगी आहे. गुरे राखायला जाणारी वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर नेण्यात आली. आपल्या वर्गाच्या वेळापत्रकातली कोणती गोष्ट कोणत्या मुलाला बाहेर ठेवते, याची यादी छात्राध्यापकांकडून हा दाखला समोर ठेवून करून घ्यावी.

पालकांशी बोलण्याचा सराव

हा भाग भूमिकापालनाने घ्यावा. एकाने पालक व्हावे, एकाने शिक्षक. शिक्षकाने पहिल्या भेटीत मुलाला काय येते तेथून सुरुवात करावी, मग निरीक्षण सांगावे आणि शेवटी विचारावे की घरी तुम्हाला काय दिसते. ‘तुमच्या मुलात दोष आहे’ हे वाक्य कोणत्याही रूपात येऊ नये आणि निदानाचा शब्द शिक्षकाच्या तोंडून निघू नये. ‘ताई, त्याला गोष्टी छान सांगता येतात, पण फळ्यावरचं उतरवताना तो फार डोळे बारीक करतो, एकदा डोळे तपासून घेऊ या का?’ एवढे पुरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीसाठी येते आणि गरज पडल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. त्या दिवशी आपल्या निरीक्षणाचा कागद तयार ठेवणे हे वर्गशिक्षकाचे काम. दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र यांसाठी ऑनलाइन अर्ज कोठे करायचा, कोणती कागदपत्रे लागतात, हेही प्रत्यक्ष संकेतस्थळ उघडून दाखवावे, कारण गावातले पालक हा प्रश्न गुरुजींनाच विचारतात. पालक भेटीला आलेच नाहीत, किंवा ‘मारा, म्हणजे शिकेल’ म्हणाले, तर काय करावे, हेही प्रसंग सरावात घ्यावेत; खऱ्या शाळेत तेच अधिक वेळा घडतात.

वैयक्तिक आराखडा आणि मूल्यमापन

वैयक्तिक शिक्षण आराखडा विशेष शिक्षकाच्या मदतीने होतो, तरी तो वर्गात राबवणारा वर्गशिक्षकच असतो. छात्राध्यापकांचे आराखडे ‘वाचनात सुधारणा होईल’, ‘आत्मविश्वास वाढेल’ अशा वाक्यांनी भरतात. प्रत्येक उद्दिष्टात मूल काय करील, कोणत्या मदतीने, किती आणि केव्हापर्यंत, हे दिसले पाहिजे : ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत काना असलेले दोन अक्षरी दहा शब्द चित्रांच्या आधाराशिवाय दाखवल्यास त्यांतील आठ बरोबर वाचील.’ अशी तीन उद्दिष्टे एका सत्राला भरपूर होतात.

चाचणीत काय सोपे करायचे आणि काय नाही, यावर छात्राध्यापकांचा सर्वाधिक गोंधळ होतो. उत्तर देण्याची रीत बदलता येते. जे तपासायचे आहे ते मात्र कायम राहिले पाहिजे. परिसर अभ्यासाची चाचणी तोंडी घेतली तर काही बिघडत नाही, कारण तेथे लेखन तपासायचे नसते. शुद्धलेखनाची चाचणी तोंडी घेऊन चालणार नाही. तेथे शब्द कमी करावेत, वेळ वाढवावा. दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य मंडळ पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती देते. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्याने चालू वर्षाचे परिपत्रक वाचून एका काल्पनिक विद्यार्थ्यासाठी अर्ज भरून दाखवावा आणि लेखनिकाबरोबर एक सराव परीक्षाही घेऊन पाहावी. सांगून लिहून घेणे हेही शिकावे लागते आणि ते परीक्षेच्या सकाळी शिकता येत नाही.

आंतरवासिता, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ, संपताना छात्राध्यापकाने ज्या मुलाचे निरीक्षण केले, त्याच्याविषयी एक पानाचा कागद वर्गशिक्षकाला द्यावा : काय करून पाहिले, कशाचा उपयोग झाला, कशाचा झाला नाही, आणि कोणते साहित्य कपाटात कोठे ठेवले आहे. महाविद्यालयात जमा होणाऱ्या अहवालापेक्षा हा कागद आधी तपासावा. मुख्याध्यापकांची सही त्यावर घ्यावी आणि त्याची प्रत, मुलाचे नाव काढून, पुढच्या वर्षी त्याच शाळेत जाणाऱ्या छात्राध्यापकाला द्यावी.